ऊन, हाडे आणि दात : मुडदूस रोगाच्या संशोधनाचा सामाजिक इतिहास

गोषवारा

मुडदूस हा बालवयातील हाडांचा विकार म्हणून परिचित असला, तरी त्याची कारणमीमांसा त्वचा, आहार आणि वस्ती या तिन्हींशी जोडलेली आहे. त्याच्या खुणा दातांवरही उमटतात. सतराव्या शतकातील पहिल्या वर्णनांपासून अलीकडील चाचण्यांपर्यंत या रोगाच्या संशोधनाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्यात झालेल्या पाहणीने या इतिहासात महत्त्वाची भर घातली. प्रदेशात ऊन किती पडते यापेक्षा ते कोणाच्या अंगावर पडते हे निर्णायक ठरते, असे त्या पाहणीतून पुढे आले. उपचाराचे ज्ञान शंभर वर्षे उपलब्ध असूनही रोग टिकून राहिला, याचे कारण ज्ञानाच्या अभावापेक्षा सामाजिक रचनेत अधिक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मुडदूस, अस्थिमार्दव, जीवनसत्त्व ड, दंतवल्क, गोषा, मुंबई इलाखा, सूर्यप्रकाश.

१. प्रस्तावना

वाढत्या वयात हाडांमध्ये कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार पुरेसे साठले नाहीत, तर हाडे मऊ राहतात आणि शरीराच्या भाराने वाकतात. मुलाची टाळू उशिरा भरते, मनगटे जाड दिसतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात आणि चालू लागल्यावर पाय धनुष्याप्रमाणे वाकतात. यालाच मुडदूस म्हणतात. प्रौढांमध्ये हाच दोष अस्थिमार्दव या नावाने ओळखला जातो. स्त्रियांच्या बाबतीत त्याचा परिणाम कटिरावर होऊन प्रसूती अवघड, प्रसंगी जीवघेणी ठरत असे.

वैद्यकशास्त्राच्या आधुनिक विभागणीत त्वचा, हाडे आणि बालकांचे दात यांचे तज्ज्ञ वेगवेगळे असतात. मुडदूस मात्र ही विभागणी मानत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून जीवनसत्त्व ड तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे कार्यक्षम रूप बनते. ते आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यास मदत करते आणि त्यातून हाडे व दात यांची घडण होते. या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी परिणाम बालकाच्या अंगावर दिसतो. ही साखळी एकत्रितपणे समजून घेण्यास जवळजवळ तीनशे वर्षे लागली. तो प्रवास पाहणे आणि त्यात पश्चिम भारताचे स्थान निश्चित करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. धुराच्या शहरांतील रोग

लंडन शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक नोंदींत मुडदूस हे कारण प्रथम १६३४ मध्ये दिसते. १६४५ मध्ये डॅनियल व्हिसलर यांनी लायडन विद्यापीठात या रोगावर प्रबंध सादर केला आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्लिसन यांचे वर्णन इतके तपशीलवार होते, की पुढे दीर्घकाळ तेच प्रमाण मानले गेले. रोगाचे कारण मात्र त्यांच्या काळाला उलगडण्यासारखे नव्हते.

औद्योगिक क्रांतीनंतर कोळशाचा धूर, अरुंद गल्ल्या आणि दाट वस्ती यांमुळे हा रोग युरोपातील शहरांचा नित्याचा सोबती बनला. १८२२ मध्ये पोलिश वैद्य येंजे श्न्यादेत्स्की यांनी शहरातील मुलांना हा रोग होतो आणि खेड्यातील मुले त्यापासून बहुधा मुक्त असतात, हे निरीक्षण मांडले व मुलांना मोकळ्या उन्हात नेण्याचा सल्ला दिला. फ्रान्समध्ये आर्मां त्रूसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा पुरस्कार केला. हे तेल उत्तरेकडील किनाऱ्यांवरील लोकांच्या घरगुती औषधांत आधीपासून होते. म्हणजेच ऊन आणि तेल हे दोन्ही उपाय १९०० पूर्वीच माहीत होते. परंतु दोहोंत काही संबंध असू शकेल, अशी कल्पना करण्यास त्या वेळच्या शास्त्रात आधार नव्हता.

१८८९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सामूहिक पाहणीचे नकाशे प्रसिद्ध झाले. रोगाचा विस्तार औद्योगिक शहरांशी जुळतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम करून परतलेल्या थिओबाल्ड पाम यांना तेथे मुडदूस न दिसल्याचे आश्चर्य वाटत होते. त्यांनी निरनिराळ्या देशांतील वैद्यांकडून माहिती मागवली आणि १८९० मध्ये असा निष्कर्ष काढला, की सूर्यप्रकाशाचा अभाव हेच या रोगाचे मुख्य कारण होय. दारिद्र्य, निकृष्ट अन्न व अस्वच्छता असलेल्या अनेक उष्ण देशांत हा रोग दिसत नाही, हा त्यांचा प्रमुख युक्तिवाद होता. पाम यांची मते त्या काळी फारशी विचारात घेतली गेली नाहीत. जंतुशास्त्राच्या विजयाचा तो काळ होता आणि प्रत्येक रोगामागे एखादा जंतू शोधण्याकडे वैद्यकाचा कल होता.

३. दोन उपचार, एक रोग

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. लिओनार्ड फिंडले यांच्या नेतृत्वाखालील ग्लासगोच्या वैद्यांच्या मते कोंडून राहणे, मोकळी हवा व हालचाल न मिळणे ही रोगाची कारणे होती. उलट लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१८-१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांना मर्यादित आहारावर वाढवून मुडदूस निर्माण केला आणि कॉड यकृत तेलाने तो टाळला. त्यांच्या मते हा सरळसरळ आहारदोष होता.

१९१९ मध्ये बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांचा प्रयोग केला. काही आठवड्यांनी क्ष-किरण चित्रांत हाडे भरून येत असल्याचे दिसले. त्यांचे आणखी एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे ठरले. किरण एकाच हातावर सोडले असताना दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ किरण हाडांवर थेट काम करीत नव्हते. त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्व शरीरात जात होते. त्वचा आणि हाडे यांचा संबंध प्रयोगाने प्रथम असा उघड झाला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीने ग्रासलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ या काळात बालरुग्णालयातील मुलांवर काळजीपूर्वक तुलना केली. हिवाळ्यात होणारा मुडदूस यकृत तेलाने टळतो आणि उन्हाने किंवा कृत्रिम किरणांनीही बरा होतो, हे त्यांनी सिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस यांनी १९२१ मध्ये केवळ सूर्यप्रकाशाने रोग बरा करून दाखवला. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी यकृत तेल तापवून त्यात हवा सोडली. त्यातील जीवनसत्त्व अ नष्ट झाले, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण कायम राहिला. म्हणजे तो गुण एका स्वतंत्र घटकाचा होता. त्यालाच पुढे ‘ड’ हे अक्षर मिळाले. १९२४ मध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नपदार्थांवर किरण सोडून त्यांत हा गुण आणता येतो, हे दाखवले. १९२८ मध्ये आडोल्फ विंडाउस यांना स्टेरॉल द्रव्ये आणि त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध यांवरील संशोधनासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा प्रकारे सुमारे दहा वर्षांत वादाचा निकाल लागला. ऊन की अन्न हा प्रश्नच चुकीचा ठरला, कारण दोहोंतून शरीराला एकाच प्रकारचे द्रव्य मिळत होते. ग्लासगोच्या पक्षाने सामाजिक स्थितीकडे आणि लंडनच्या पक्षाने आहाराकडे बोट दाखवले होते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते.

४. दातांवरील नोंद

या इतिहासात मे मेलनबी यांच्या कार्याचा उल्लेख अनेकदा ओझरता केला जातो. एडवर्ड मेलनबी यांच्या त्या पत्नी आणि स्वतंत्र संशोधक होत्या. पतीच्या प्रयोगातील पिल्लांच्या जबड्यांचा अभ्यास करून त्यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले, की मुडदूस निर्माण करणाऱ्या आहाराने दातही बिघडतात. ते उशिरा येतात, वेडेवाकडे बसतात आणि त्यांचे दंतवल्क पातळ व खडबडीत राहते. पुढे त्यांनी शेफील्ड येथील संस्थांत राहणाऱ्या मुलांच्या आहारात जीवनसत्त्व ड वाढवून दात किडण्याचे प्रमाण कमी होते का, हे तपासले. मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले आणि त्यांतील निष्कर्ष अनुकूल होते.

दंतवल्काचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. हाड आयुष्यभर झिजते व पुन्हा भरते. त्यामुळे बालपणीचा सौम्य दोष त्यातून पुसला जाऊ शकतो. दंतवल्क मात्र एकदाच घडते. ते घडविणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत. दुधाच्या दातांचे दंतवल्क गर्भावस्थेच्या मध्यापासून तयार होऊ लागते, तर कायमच्या पहिल्या दाढांची घडण जन्माच्या सुमारास सुरू होते. म्हणून आईच्या गरोदरपणातील आणि बाळाच्या पहिल्या वर्षांतील उणीव दातांवर कायमची नोंदली जाते. पुराणवैद्यक या शाखेत प्राचीन सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास याच तत्त्वावर होतो.

मे मेलनबी यांच्या संशोधनाला पुढे पाठबळ कमी मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला आणि दंतक्षयाच्या प्रतिबंधाची चर्चा प्रामुख्याने फ्लोराइड, साखर व जंतू यांच्याभोवती होऊ लागली. ही चर्चा अर्थातच योग्य दिशेची होती. मात्र दात कोणत्या स्थितीत घडला, हा मूळ प्रश्न त्यात काहीसा मागे पडला.

५. मुंबई इलाख्यातील पुरावा

पाम यांच्या सिद्धान्ताला एक कठीण प्रश्न उत्तर मागत होता. ऊन हेच औषध असेल, तर भारतासारख्या प्रखर उन्हाच्या देशात मुडदूस व अस्थिमार्दव का आढळावेत? या प्रश्नाचे उत्तर १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्यातून आले. हचिसन यांनी पटेल व शाह या भारतीय सहकाऱ्यांसह केलेल्या पाहण्या १९२१ व १९२२ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. त्यांतून जे चित्र उभे राहिले, ते रूढ समजुतीच्या नेमके उलट होते. गोषा पाळणाऱ्या मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत, जेथे खाण्यापिण्याची ददात नव्हती, तेथे मुडदूस व अस्थिमार्दव दिसत होते. मोलमजुरी करणाऱ्या गरीब कुटुंबांची मुले निकृष्ट अन्नावर वाढत होती, पण दिवसभर उघड्यावर असल्यामुळे या रोगापासून बहुतांशी मुक्त होती.

या निष्कर्षाचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. युरोपात मुडदूस हा गरिबांचा रोग होता. तेथे दारिद्र्य, वाईट अन्न आणि अंधारी वस्ती या गोष्टी एकत्रच नांदत असल्याने त्यांतील खरे कारण वेगळे काढणे अवघड होते. पश्चिम भारतात मात्र चांगले अन्न आणि उन्हाचा अभाव एका वर्गाच्या वाट्याला, तर वाईट अन्न आणि भरपूर ऊन दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला आले होते. समाजरचनेने जणू एक तुलनात्मक प्रयोगच मांडून ठेवला होता. दुसरे असे, की हवामान आणि आरोग्य यांच्यामध्ये रूढी उभी असते, हे या पाहणीने आकडेशास्त्राच्या भाषेत नव्हे तर घरांच्या भाषेत सांगितले. आकाशात ऊन असणे आणि ते त्वचेपर्यंत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बाळंतपणाच्या प्रथेचाही येथे विचार करावा लागतो. अंधारी, दारे-खिडक्या लावलेली बाळंतिणीची खोली महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. वारा लागू नये, दृष्ट लागू नये यासाठी आई आणि मूल कित्येक दिवस आत ठेवले जात. अंगाला तेल चोळून शेक देण्याच्या पद्धतीत मायेचा व अनुभवाचा भाग होता, परंतु सूर्यकिरणांना तेथे प्रवेश नव्हता. ज्या घरातील स्त्रीला पाचव्या-सहाव्या दिवशीच शेतावर किंवा मजुरीला जावे लागे, तिच्या वाट्याला विश्रांती आली नाही. तिच्या झोळीतील मुलाला मात्र ऊन मिळाले. एका अन्यायातून दुसऱ्या आजारापासून संरक्षण मिळावे, हा सामाजिक इतिहासातील विरोधाभास आहे. त्याचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही.

काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. घरात कोंडलेल्या स्त्रियांचे कटिर अस्थिमार्दवाने आकुंचित होते आणि त्यांची प्रसूती धोक्याची बनते, उलट बाहेर श्रम करणाऱ्या नावाड्यांच्या स्त्रियांत हा त्रास दिसत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. पश्चिम भारत आणि काश्मीर या परस्परांपासून दूरच्या प्रदेशांतून एकच निष्कर्ष निघत होता. स्त्रीच्या हालचालीवरील बंधन तिच्या हाडांत उतरते आणि तिच्या अपत्यापर्यंत पोहोचते.

याच सुमारास मुंबई शहरात प्रकाशाचा प्रश्न नगररचनेच्या अंगाने चर्चिला जात होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या संस्थेने इमारतींमधील अंतर ठरविण्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुढे आणला. खोलीत आकाशाचा प्रकाश पोहोचावा, हे त्यामागील सूत्र होते. या नियमामागे मुडदुसाची चिंता नव्हती. हवा व प्रकाश यांच्या अभावी फैलावणारे साथीचे रोग आणि क्षय यांची भीती त्यामागे होती. तरीही प्रकाश ही खासगी चैन नसून सार्वजनिक नियमनाची बाब आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पुढील काळात दाट होत गेलेल्या मुंबईत त्या तत्त्वाचे काय झाले, हे शहराच्या चाळी व इमारती पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

६. ग्लासगोतील पुनरागमन

पाश्चात्त्य देशांत यकृत तेल, दुधात मिसळलेले जीवनसत्त्व ड आणि स्वच्छ होत गेलेली हवा यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुडदूस दुर्मीळ झाला. परंतु १९६२ मध्ये डनिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोतील पाकिस्तानी वस्तीत मुडदूस व अस्थिमार्दवाचे रुग्ण नोंदवले. भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांतील मुली व स्त्रिया यांत हा विकार ब्रिटनच्या इतर शहरांतही आढळू लागला. उत्तरेकडील मंद ऊन, गडद त्वचा, अंगभर वस्त्रे, घराबाहेर पडण्याची कमी संधी आणि चपातीतील फायटेटमुळे कॅल्शियमच्या शोषणात येणारा अडथळा अशी अनेक कारणे सुचविली गेली.

१९८१ मध्ये ब्रिटनमध्ये मुडदूस निर्मूलनाची मोहीम हाती घेण्यात आली. तिच्यावर टीकाही झाली. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी इंग्रज मुलांचा मुडदूस दूर करण्यासाठी शासनाने अन्नात जीवनसत्त्व मिसळण्याची व्यवस्था केली होती. स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र त्यांनी आपले खाणे आणि पेहराव बदलावा, अशा उपदेशावर भर दिला गेला. रोग एकच असताना एका समूहासाठी तो पुरवठ्याचा प्रश्न ठरला आणि दुसऱ्यासाठी वर्तनाचा. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी या फरकाची नोंद घेणे आवश्यक आहे.

७. अलीकडील संशोधनाची दिशा

१९६८ ते १९७१ या काळात यकृत व मूत्रपिंडातील प्रक्रियांचा उलगडा झाला आणि जीवनसत्त्व ड हे वस्तुतः संप्रेरकाचे पूर्वरूप आहे, हे स्पष्ट झाले. रक्तातील त्याची पातळी मोजणे शक्य झाल्यावर अभ्यासांची मोठी लाट आली. तिचा विचार त्वचा, हाडे व दात या तीन शीर्षकांखाली करता येतो.

(अ) त्वचा : २००० मध्ये दिल्लीतील निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात जीवनसत्त्व ड चे प्रमाण मोठ्या प्रमाणावर कमी आढळले. मोकळ्यावर काम करणारे सैनिक त्यातल्या त्यात चांगल्या स्थितीत होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन वर्षांखालील मुलांची तुलना केली गेली. दिल्लीतील प्रदूषित मोरी गेट भागातील मुलांची सरासरी पातळी मिलिलिटरमागे १२.४ नॅनोग्रॅम होती, तर त्या वेळी तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगाव भागातील मुलांची २७.१ होती. सतराव्या शतकातील लंडनचा धूर एकविसाव्या शतकातील दिल्लीत परतला होता. कोवळ्या उन्हाविषयीच्या लोकसमजुतीचीही या संशोधनाने तपासणी केली आहे. जीवनसत्त्व ड निर्माण करणारे किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच शोषले जातात. सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाच ते पुरेसे मिळतात. खिडकीच्या काचेतूनही हे किरण आत येत नाहीत. सकाळच्या उन्हात बाळाला धरल्याने ऊब मिळते, जीवनसत्त्व मात्र नाममात्र मिळते. दुसरीकडे, अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग संभवतो, हा त्वचारोगतज्ज्ञांचा इशारा विशेषतः गोऱ्या त्वचेच्या समाजांत महत्त्वाचा आहे. गडद त्वचेला संरक्षण अधिक असते, पण तितकेच जीवनसत्त्व तयार होण्यास तिला अधिक वेळ लागतो. त्यामुळे सर्व देशांना एकच सल्ला लागू पडत नाही.

(आ) हाडे : १९९९ मध्ये नायजेरियातील १२३ मुडदूसग्रस्त मुलांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या मुलांना ऊन मिळत होते, पण त्यांच्या आहारात कॅल्शियम फारच थोडे होते. केवळ जीवनसत्त्व ड दिलेल्या मुलांपैकी १९ टक्के, केवळ कॅल्शियम दिलेल्यांपैकी ६१ टक्के, तर दोन्ही दिलेल्यांपैकी ५८ टक्के मुलांत अपेक्षित सुधारणा झाली. ऊन असले तरी अन्नात कॅल्शियम नसेल तर हाड घडत नाही. दुधापासून वंचित असलेल्या भारतीय मुलांच्या संदर्भात हा निष्कर्ष मोलाचा आहे. गोष्याने मिळालेला जुना धडा त्यामुळे खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो.

याच्या उलट टोकाला अतिउत्साहाची मर्यादाही स्पष्ट झाली आहे. अमेरिकेतील २५,८७१ प्रौढांवरील चाचणीचे अस्थिभंगाविषयीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तींना रोज २,००० एकके जीवनसत्त्व ड देऊन हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. मंगोलियातील ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्यास मात्रा दिल्यावरही अस्थिभंग कमी झाले नाहीत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मंगोलियातील बहुसंख्य मुलांत उणीव होती, तरीही हा निष्कर्ष निघाला. मुडदूस टाळणे ही एक गोष्ट आणि गोळीने हाडे पोलादी करणे ही दुसरी. पहिली शक्य आहे, दुसरीला पुरावा नाही.

आनुवंशिक प्रकारांच्या अभ्यासाने तिन्ही ऊतींचे नाते अधिक स्पष्ट केले. जीवनसत्त्व ड ला प्रतिसाद देणारा ग्राही सदोष असलेल्या काही मुलांत मुडदुसाबरोबर डोक्यावरचे केसही गळतात. फॉस्फेट मूत्रावाटे वाहून जाणाऱ्या आनुवंशिक मुडदुसात दात किडलेला नसतानाही मुळाशी गळू होते, कारण आतील दंतिन नीट घडलेले नसते. या विकाराशी संबंधित जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले आणि त्यावरील प्रतिपिंडाधारित औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. वारंवार हिरडीला गळू होणाऱ्या मुलाचे पाय पाहण्याची सवय दंतवैद्याला असेल, तर निदानाची कित्येक वर्षे वाचू शकतात.

(इ) बालकांचे दात : मे मेलनबी यांचा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. २०१३ मधील एका समीक्षेत मुलांवरील २४ जुन्या चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. जीवनसत्त्व ड मुळे दंतक्षय सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होत असावा, असे त्यातून दिसले. मात्र त्यांतील बहुतेक चाचण्या जुन्या व सदोष पद्धतीच्या असल्याने हा निष्कर्ष खात्रीचा मानला गेला नाही. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६२३ गर्भवतींना चोविसाव्या आठवड्यापासून जीवनसत्त्व ड ची मोठी किंवा नेहमीची मात्रा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून देण्यात आली होती. मोठी मात्रा घेतलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी दंतवल्काचे दोष जवळजवळ निम्मे आढळले. दात किडण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. मे मेलनबी यांचे दंतवल्काविषयीचे निरीक्षण शंभर वर्षांनी अशा प्रकारे अंशतः खरे ठरले. त्यांच्या दंतक्षयाविषयीच्या आशेला अजून पक्का आधार मिळालेला नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुडदुसाचे ज्ञान एका शोधातून निर्माण झालेले नाही. नकाशे, प्राणिप्रयोग, रुग्णालयातील तुलना आणि घरगुती प्रथांचे निरीक्षण या चार वाटा एकत्र आल्यावरच रोगाची साखळी पूर्ण दिसली.

२. मुंबई इलाख्यातील पाहणीने या ज्ञानात स्वतंत्र भर घातली. अन्न आणि ऊन यांचा परिणाम वेगळा करून पाहण्याची जी संधी युरोपात नव्हती, ती येथील समाजरचनेमुळे मिळाली. वैद्यकाच्या इतिहासात भारत हा केवळ रुग्णांचा पुरवठादार नसून पुराव्याचे स्थान आहे, हे यावरून दिसते.

३. गोषा बहुतांशी ओसरला असला, तरी उन्हापासून दूर ठेवणारी कारणे संपलेली नाहीत. दाट वस्तीतील पहिल्या मजल्यावरची खोली, मैदानाविना शाळा, दिवसभराचे शिकवणीवर्ग आणि धुरकट हवा यांनी त्यांचे रूप बदलले आहे. पूर्वी हा रोग कोंडलेल्या संपन्न घरांत होता. आज झोपडपट्टीतील अंधाऱ्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला ऊनही नाही आणि दूधही नाही. हचिसन यांच्या काळातील गरीब मुलाला मिळणारे एकमेव संरक्षणही त्याने गमावले आहे.

४. उपाय साधे व परिचित आहेत. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने पहिल्या वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० एकके जीवनसत्त्व ड द्यावे, अशी शिफारस झाली. भारतात २०१८ मध्ये दूध व खाद्यतेल यांत जीवनसत्त्व अ व ड मिसळण्यासाठी मानके अधिसूचित झाली. ही मात्रा ज्या बाळाला सर्वाधिक आवश्यक आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचते का, हा प्रशासनाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही.

५. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. रसायनशास्त्रात स्टेरॉल, समाजशास्त्रात गोषा, भूगोलात सूर्याचा कोन आणि इतिहासात नगररचना शिकवली जाते. एका बालकाच्या वाकलेल्या पायांत हे चारही विषय एकत्र येतात. विद्याशाखांच्या भिंती ओलांडून ते एकत्र शिकवले गेले, तर अंगणवाडीत वजन करून घेण्यासाठी आलेल्या मुलाची मनगटे आणि दात पाहणारी नजर त्यातून घडू शकेल. तीनशे वर्षांच्या संशोधनाचा लाभ त्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी आज मुख्यतः अशा नजरेचीच उणीव आहे.